जाळी बसवून चौदा महिने झाले: हर्नियाच्या ऑपरेशननंतर तुमचं रोजचं कसं चाललंय?

शहापूरची_सुई (९ जून, रात्री १०.२०)

नमस्कार. मी बेळगाव शहापूरची, वय ४८, घरी शिवणकाम करते. सात वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढली तेव्हा बेंबीखाली उभा छेद घेतला होता. दोनेक वर्षांनी त्याच टाक्यांवर लिंबाएवढा फुगा दिसायला लागला. आडवं झालं की आत जायचा, खोकलं की बाहेर यायचा. लिंबाचा पेरू झाला, तोवर मी साडी जरा वर नेसून दिवस काढले. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. पोट उघडून, आत जाळी बसवून.

तपासायला गेलं की डॉक्टर खोकायला लावतात, हात ठेवून बघतात आणि म्हणतात, "उत्तम. परत आलेला नाही." खरं आहे ते, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण तिथून बाहेर पडताना दर वेळी एक गोष्ट मनात राहून जाते. फुगा गेला, मग मी का पहिल्यासारखी नाही?

जमिनीवरून उठताना डाव्या बाजूला, टाक्यांपासून चार बोटं लांब, सुई टोचल्यासारखी चमक येते. रोज येते. खाली मांडी घालून जेवायला बसले तर दहा मिनिटांनी आत पुठ्ठा दुमडल्यासारखं वाटतं. नळाला पाणी येतं त्या दिवशी मुलगा कॉलेजला उशिरा जातो, कारण घागर मी उचलत नाही. घरी सोडताना दिलेल्या कागदावर लिहिलंय, जड वस्तू उचलू नये. जड म्हणजे किती? आणि कुठपर्यंत? तीन महिने की जन्मभर? तो कागद इंग्रजीत, त्याआधी सही घेतली तो कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. विचारायला तोंड उघडलं तर मागे रांग उभी.

पायाचं मशीन चौदा महिने बंद आहे. मोटार लावून घेतली, पण पायाच्या मशीनवर जो हात बसलाय तो मोटारीवर बसत नाही.

ज्यांचं पोटाचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय त्यांनी मोकळेपणानं लिहा. उठता-बसता, झोपता, कामाला जाता कसं वाटतं? किती दिवसांनी सरळ झालात?

राजहंसगड_पायथा (९ जून, रात्री ११.०५)

आक्का, माझं जांघेतलं होतं. पोटातलं आणि जांघेतलं वेगळं असतं म्हणतात, तरी सांगतो. येळ्ळूरच्या शिवारात आमची भाताची शेती. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी चाललो, दीड महिन्यानं शेतात गेलो. रोप लावणीला वाकायची भीती होती, पण वाकणं जमलं. अवघड गेलं ते चिखलातनं पाय उपसून काढणं. प्रत्येक पावलाला जांघेत ओढ बसायची. पहिल्या वर्षी लावणीला गडी लावले, दुसऱ्या वर्षी मीच उतरलो. आता काही नाही. मांडीच्या आतल्या बाजूला तळहाताएवढी जागा मात्र अजून बधिर आहे.

निपाणीची_लेक (१० जून, सकाळी ७.४०)

माझ्या आईचं सांगते. आई विड्या वळते, पस्तीस वर्षं झाली. बेंबीचा हर्निया होता, जाळी घालून दोन वर्षं झाली. तिचं दुखणं उचलण्याचं नाहीच. तिचं दुखणं बसण्याचं. विडी वळायची म्हणजे मांडी घालून, मांडीवर सूप, पुढं वाकून सात-आठ तास. सुपाची कड बरोबर बेंबीपाशी येते. आणि जर्द्यानं खोकला. ऑपरेशननंतर पहिला महिना ती खोकला आला की उशी पोटाशी गच्च धरायची. ते दवाखान्यातल्या नर्सबाईंनी शिकवलं होतं, त्याचा फार आधार झाला.

दीड महिन्यात ती परत सुपाशी बसली. हजाराच्या हिशेबानं मजुरी मिळते, बसलं नाही तर पैसे नाहीत. मी रागावले तर म्हणाली, "मी काय करू ग, मी बसलो नाही तर चूल कशी पेटंल?" मग आम्ही लाकडी पाटावर जुनी चादर घडी करून घातली. ती त्यावर बसते, त्यामुळे गुडघे खाली जातात आणि पोट मोकळं राहतं. सुपाखाली उशी घेते. एवढ्यानं तिचं संध्याकाळचं ठणकणं निम्म्यावर आलं. तुम्ही खाली बसताना बूड चार बोटं उंच करून बघा.

खासबाग_माग (१० जून, दुपारी २.१५)

मी मागवाला. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, आतड्याचं, तातडीचं. त्याच्या टाक्यात हर्निया झाला. पहिल्यांदा नुसते टाके घालून शिवलं, जाळी नाही. तीन वर्षांत परत आला. दुसऱ्यांदा जाळी घातली, त्याला आता पाच वर्षं झाली, टिकलाय.

मागावर दिवसभर उभं राहणं जमतं. कांडी बदलणं, तुटलेला धागा जोडणं, सगळं जमतं. बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ, चढवणं मी सोडलं ते सोडलं. त्याला दोन माणसं लागतात, आणि मी दुसऱ्याच्या मागावर सांगायला जातो, तो माझ्याकडे उचलायला येतो. पोटाला बांधायचा पट्टा अजून वापरतो. पट्टा न बांधता माग सुरू केला तर उघडा असल्यासारखं वाटतं. हे चूक की बरोबर मला ठाऊक नाही, कुणी जाणकार असेल तर सांगा.

छेद_आणि_टाका (१० जून, रात्री ९.५०)

मी जनरल सर्जन आहे, चिकोडी भागातला, मराठी शाळेत शिकलेला. धागा वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. हे तपासणीच्या जागी धरू नका.

आधी खासबागच्या दादांबद्दल. पहिल्यांदा जाळी न घालता शिवलं आणि परत आला, यात तुमचा दोष नाही. पोटाच्या मधोमध उभा छेद घेतलेल्या दर १०० माणसांत साधारण १० ते २० जणांना पुढे तिथे हर्निया होतो. तो नुसत्या टाक्यांनी शिवायचा की जाळीनं, याची नेदरलँड्समध्ये नीट तुलना झाली आणि २००० साली ती प्रसिद्ध झाली. त्याच रुग्णांचा पुढचा मागोवा २००४ मध्ये आला. दहा वर्षांत नुसत्या टाक्यांनंतर परत येण्याचं प्रमाण ६३ टक्के, जाळीनंतर ३२ टक्के. म्हणजे जाळीनं धोका निम्मा झाला, शून्य नाही. २०१५ मध्ये त्याच देशातून आणखी एक गोष्ट पुढं आली. पहिलं ऑपरेशन संपवताना पोटाचा मधला पडदा बारीक, जवळजवळच्या टाक्यांनी शिवला तर वर्षभरात हर्निया होण्याचं प्रमाण २१ वरून १३ टक्क्यांवर येतं. शिवणकाम करणाऱ्या आक्कांना हे पटकन कळेल. लांब टीप आणि बारीक टीप यात जो फरक, तोच.

आता जाळी म्हणजे काय. बहुतेक वेळा ती पॉलिप्रॉपिलीनची असते, दोरखंड आणि पोती होतात त्याच जातीचं प्लॅस्टिक, पण दवाखान्यासाठी शुद्ध केलेलं आणि बारीक विणलेलं. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतले सर्जन फ्रान्सिस अशर यांनी प्लॅस्टिकची जाळी वापरात आणली. शरीर तिला भोकांतून आपला धागा घालून पकडतं. आक्कांना जो आत पुठ्ठा वाटतो, तो हाच पकडलेला थर. काहींना तो वर्षानुवर्षं जाणवतो, बऱ्याच जणांना हळूहळू विसरायला होतो.

आणि आक्का, तुमचा मुख्य प्रश्न. फुगा परत आला का एवढंच बघितलं जातं, रोजचं कसं चाललंय ते कुणी विचारत नाही. विचारायची पद्धत जगात तयार आहे, आमच्या गर्दीच्या ओपीडीत ती पोचलेली नाही, हे मी मान्य करतो. २००८ साली अमेरिकेतल्या कॅरोलायना भागातल्या सर्जननी एक प्रश्नावली काढली, २३ प्रश्नांची. आडवं होणं, वाकणं, बसणं, रोजची कामं, खोकणं किंवा खोल श्वास, चालणं, जिना, व्यायाम. या आठ गोष्टी करताना जाळी जाणवते का, दुखतं का, हालचाल अडते का, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये यातली निम्मी उत्तरं तुम्ही न विचारता दिली आहेत.

दुखणं तीन महिन्यांच्या पुढं गेलं तर त्याला जुनाट म्हणायचं आणि वेगळं तपासायचं, असा आमचा नियम आहे. तुमचं चौदा महिन्यांचं आहे, एका ठिकाणी आहे आणि सुईसारखं आहे. "एकंदर दुखतं" असं सांगू नका. एका बोटानं ती जागा दाखवा. एका बोटावर मावणारं दुखणं बरेचदा जाळी पक्की करणाऱ्या टाक्यात सापडलेल्या नसेचं असतं. त्याला उपाय असतात.

उचलण्याबद्दल. जखमेला तीन महिन्यांत मूळच्या साधारण ८० टक्के ताकद येते. पूर्ण १०० कधीच येत नाही, पण नंतर थांबून राहिल्यानं ती वाढतही नाही. जोराच्या खोकल्यानं पोटात जेवढा दाब येतो तेवढा पाच किलोची पिशवी उचलून येत नाही. सहा आठवड्यांनंतर हलकी कामं, तीन महिन्यांनंतर हळूहळू बाकीची, हा माझा सर्वसाधारण सल्ला. फार मोठं भगदाड असेल तर वेगळं. भरलेली तांब्याची घागर पंधरा-वीस किलोच्या घरात जाते, तिच्यापासून सुरुवात करू नका एवढंच.

पट्ट्याबद्दल उद्या लिहितो, आता राऊंड आहे.

कडोलीची_वहिनी (१० जून, रात्री ११.३०)

कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. ऑपरेशननंतर नवऱ्याजवळ जायची भीती वर्षभर गेली नाही. जाळी फाटेल, टाका निघेल असं वाटायचं. विचारायचं कुणाला? डॉक्टर पुरुष, बरोबर सासूबाई. आमच्यात अबोला यायची वेळ आली. शेवटी फेरतपासणीला एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांना कानात विचारलं. त्या म्हणाल्या, दीड-दोन महिन्यांनंतर काही हरकत नाही, पोटावर भार येणार नाही असं बघा, दुखलं तर थांबा. एवढ्या दोन वाक्यांसाठी मी वर्ष घालवलं. ज्या बायका वाचतायत त्यांनी घालवू नये.

छेद_आणि_टाका (११ जून, सकाळी ६.३०)

वहिनी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. हर्नियाच्या दुसऱ्या एका प्रश्नावलीत हा प्रश्न सरळ शब्दांत विचारलेला आहे. म्हणजे जगभरच्या रुग्णांना तो पडतो. आमच्याकडून आपणहून सांगितलं जायला हवं.

पट्टा: सुरुवातीचे आठवडे दुखणं कमी व्हायला आणि धीर यायला तो चांगला. हर्निया परत येण्यापासून तो वाचवतो असं धरून चालू नका. दादा, पाच वर्षं रोज बांधायची सक्ती नाही. एकदम सोडू नका, रोज अर्धा तास कमी करा आणि पोटाच्या स्नायूंना काम द्या.

एक इशारा सगळ्यांसाठी. फुगा परत आला, कडक झाला, आत जाईना, वरून लाल दिसतोय, ओकाऱ्या होतायत, वारा सरत नाही, तर घरी शेक देत बसू नका, तेल लावून चोळू नका. रात्र असली तरी त्याच वेळी दवाखाना गाठा. आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा थांबला तर काही तासांत ते सडतं.

उद्यमबाग_फौंड्री (११ जून, दुपारी १.१०)

मी फौंड्रीत मोल्डिंगला होतो. बेंबीच्या वर हर्निया. ऑपरेशन ईएसआयमधनं, म्हणजे कामगार विम्यातनं झालं, पैशाचा त्रास नाही झाला. त्रास झाला नंतर. हलकं काम द्यावं असं पत्र घेऊन गेलो, सुपरवायझर म्हणाला हलकं काम इथं कुठाय? खरं होतं त्याचं पण. फौंड्रीत हलकं काय असतंय? दोन महिन्यांनी परत बॉक्स उचलायला लागलो. सात महिन्यांनी एका बाजूला परत फुगा.

दुसरं ऑपरेशन करायच्या आधी डॉक्टरांनी अट घातली, विडी बंद, दीड महिना आधीपासून. शुगर पण होती, ती खाली आणायला लावली. पहिल्या वेळी हे कुणी बोललं नव्हतं. आता स्टोअरला बदली मिळाली, पगार कमी, पण रात्री कुशीवर झोपतो. आधी दोन वर्षं उताणाच झोपत होतो. कुशीवर झोपणं ही केवढी गोष्ट आहे हे ज्याला झालंय त्यालाच कळतंय.

खानापूर_पाऊस (११ जून, रात्री ८.४५)

मी फिजिओथेरपिस्ट. आक्का, तुम्ही जमिनीवरून कशा उठता? सरळ समोर वाकून, हात न टेकता? तसं असेल तर तेच आधी बदला. कुशीवर वळायचं, खालचं कोपर आणि वरचा तळहात जमिनीवर टेकवायचा, ढकलत बसायचं, मग एक गुडघा पुढे घेऊन उभं राहायचं. उठताना श्वास कोंडायचा नाही, सोडायचा. अंथरुणातूनही असंच.

व्यायाम म्हणजे सिट-अप्स नव्हेत, त्या नकोतच. उताणं झोपून गुडघे वर, श्वास सोडताना बेंबी पाठीकडे ओढायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. सकाळी दहा, रात्री दहा. दोन आठवड्यांनी चालणं वाढवायचं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांचं पोट जाळीनं जेवढं आखडलेलं नसतं तेवढं धसक्यानं आखडलेलं असतं. पोट सतत आत धरून चालतात, त्यामुळे कंबरही धरते. तुमची कंबर दुखते का?

शहापूरची_सुई (११ जून, रात्री १०.३०)

दुखते. मी ती वयामुळे धरली होती.

सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनी, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. डॉक्टरांच्या त्या आठ गोष्टी मी एका कोऱ्या कागदावर लिहून काढल्या, पण आपल्या. जिना लिहिला तसं बसची पायरीही लिहिली. व्यायामाच्या जागी घागर आणि पायाचं मशीन. मांडी घालून जेवणं आणि उकिडवं बसणं त्यात नव्हतंच, ते मी घातलं. आमच्याकडे संडास भारतीय पद्धतीचा आहे, तिथून उठताना जी चमक येते ती कुणाला सांगायची म्हटलं तरी लाज वाटते. तेही लिहिलं. समोर शून्य ते पाच गुण. सोमवारी दाखवायला जाते.

गडहिंग्लज_फाटा (१२ जून, सकाळी ९.००)

ऑपरेशन अजून व्हायचंय अशांसाठी. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटकात तुमचा आजार बसतो का, हे दाखल व्हायच्या आधी विचारा. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतलाय, त्यात आपलं गाव आहे का तेही बघून ठेवा. भरती झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

शहापूरची_सुई (२४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.१५)

उशीर झाला, क्षमस्व. काय झालं ते सांगते.

त्या सोमवारी कागद घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी नेहमीसारखं खोकायला लावलं. मग मी कागद पुढे केला. मराठीतला. त्यांना मराठी नीट वाचता येत नाही, म्हणून सिस्टरनी एकेक ओळ वाचून कन्नडमध्ये सांगितली. उकिडव्या बसण्याला मी पाच दिले होते, घागरीला "उचललीच नाही" असं लिहिलं होतं. ते थांबले, खुर्ची पुढे घेतली आणि म्हणाले, कुठं ते दाखवा. मी एका बोटानं दाखवलं. त्यांनी त्याच जागी दाबलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सोनोग्राफीत जाळी जागेवर होती, फुगा नव्हता. मग त्या जागी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. पंधरा मिनिटांनी मला जमिनीवर बसून उठायला सांगितलं. उठले. चमक नाही. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

इंजेक्शनचा असर उतरल्यावर ती परत आली, पण कमी. महिन्यानं दुसरं दिलं. आता दिवसातून एखाद्या वेळी येते, पावसात जरा जास्त. पाचाची दोन झाली म्हणा. नाहीच गेली तर पुढं काय करता येईल तेही त्यांनी समजावून सांगितलं. तो कागद त्यांनी माझ्या फाइलला लावला, मी मागितला तरी दिला नाही. झेरॉक्स काढून दिली.

खानापूरच्या ताईंचे व्यायाम दहा आठवडे चुकवले नाहीत. कंबर सुटली. निपाणीच्या ताई, पाट आणि चादर रोज वापरते. श्रावणात एका सवाष्णीच्या जेवणाला खाली पंगतीत बसले, पाट मागून घेतला. कुणी काही म्हणालं नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, तर तिलाही जांघेत फुगा असल्याचं तिनंच सांगितलं. अजून घरी बोललेली नाही. तिच्याबरोबर मी या शुक्रवारी जाणार आहे.

पाणी येतं त्या दिवशी आता मी कळशी नेते, अर्धी भरून. आधी पाच लिटरचा कॅन, पंधरा दिवसांनी अर्धी कळशी, अशी चढत गेले. घागर अजून मुलगाच नेतो. पण तो आता कॉलेजला वेळेवर जातो, कारण दोन खेपा मी आधीच करून ठेवते.

आणि मशीनचा पायटा परत जोडला. पहिल्या दिवशी एक परकर शिवला, नुसती सरळ टीप. परवा ब्लाऊज झाला, बाह्यांसकट.

खासबाग_माग (२४ ऑगस्ट, रात्री ९.२०)

आक्का, वाचून फार बरं वाटलं. माझा पट्टा दुपारपर्यंतच राहिलाय. त्या कागदाचा फोटो इथं टाका की. आमच्या गल्लीत तिघं आहेत.

शहापूरची_सुई (२४ ऑगस्ट, रात्री ९.४०)

टाकते. अक्षर वाईट आहे, उद्या चांगल्या अक्षरात काढून टाकते. बीम उचलण्याची एक ओळ तुमच्यासाठी वाढवते आणि सुपाची एक निपाणीसाठी. आणखी कुणाचं कसलं काम असेल तर सकाळपर्यंत कळवा.